सफरचंद, घर, गोल, घर, चौकोन

८ जानेवारी, सोमवार

ही वही आनिकाने नाताळात दिली. "मार्युक्काताई, निवृत्तीला सहाच महिने राहिलेत. लिहून ठेवा सगळं," म्हणाली. आनिका आमच्या बालआरोग्य केंद्रातली धाकटी नर्स. चौतीस वर्षं बाळं वजनकाट्यावर ठेवणाऱ्या बाईजवळ सांगण्यासारखं खूप असेल असं तिला वाटतं. आहे ते एवढंच, की बाळं रडतात आणि आईबाप "ठीकच आहे" म्हणतात.

लिहायला निमित्त मात्र आज मिळालं. आमच्या प्रमुख विर्पीने सकाळच्या कॉफीला नवं फर्मान काढलं. यापुढे आईवडील हे तपासणीतले भागीदार. शाळेत जाण्याआधीच्या प्रत्येक मुलाच्या तपासणीच्या आधी घरी एक कागद जाणार. त्यावर मोठी रिकामी चौकट आणि वर एकच प्रश्न : तुम्हाला तुमच्या मुलात काय दिसलं?

"आणि ते काय लिहिणार? ठीकच," मी म्हटलं. "मग तो कागद आपण फायलीला लावायचा."

"अगं, विचारल्याशिवाय कसं कळेल?"

"मी चौतीस वर्षं विचारतेय."

"तू विचारतेस गं," विर्पी म्हणाली, "पण उत्तर येईपर्यंत थांबतेस कुठे?"

आनिका कपात बघत राहिली. मला ते लागलं. ज्या देशात माणसं बसच्या थांब्यावर एकमेकांपासून दोन मीटर लांब उभी राहतात, तिथे उत्तराची वाट बघत बसले असते तर दिवसाला दोनच मुलं तपासून झाली असती.

१५ जानेवारी, सोमवार

पहिले तीन कागद भरून आले. एकावर "ठीक." दुसऱ्यावर "ठीकच." तिसऱ्यावर मुलाने हरीण काढलंय, निदान मला तरी ते हरीण वाटलं. विर्पीच्या टेबलावर तिन्ही कागद नेऊन ठेवले आणि परत आले.

पण दुपारी एक कल्पना सुचली, आणि ती माझी आहे, विर्पीची नाही. चार वर्षांच्या मुलांची नजर तपासायची म्हणजे डोक्याला ताप असतो. तीन मीटरवर तक्ता टांगायचा, एक डोळा झाकायचा, आणि मुलाने चित्रं ओळखायची. चित्रं चारच आहेत : सफरचंद, घर, गोल आणि चौकोन. ओळीगणिक ती लहान होत जातात. पण मुलं लाजतात, आईच्या मांडीत तोंड खुपसतात, चौकोनाला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नसतं. निम्मा वेळ नावं शिकवण्यात जातो. घरी सरावासाठी द्यायची चित्रांची छोटी कार्डं शरद ऋतूतच संपली, आणि कुणी मागवलेली नाहीत.

मी सरळ भिंतीवरचा तक्ता काढून त्याच्याच प्रती काढल्या. खाली ठळक अक्षरात लिहिलं, "रोज पाच मिनिटं मुलाबरोबर म्हणा." आता प्रश्नाच्या कागदासोबत हाही घरी जाईल.

विर्पी खूश. "हीच ती भागीदारी!" म्हणाली. मला बरं वाटलं हे कबूल करते.

२९ जानेवारी, सोमवार

काय सांगू! आज चार मुलं, चारही पाच-पाच मिनिटांत झाली. पूर्वी मी बोट इथून तिथे नाचवायची, मधलंच चित्र विचारायची, तक्ता बदलायची, मनधरणी करायची. आता मुलं आपली आपण वरून खाली धडाधड म्हणत जातात. बाकीचे दोन तक्ते कपाटात पडून आहेत, त्यांची गरजच पडत नाही.

आईबापांना नुसता प्रश्न विचारून काही होत नाही. त्यांना काम द्यावं लागतं. काम दिलं की आपली माणसं ते करतात, आणि चोख करतात.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आज साइमी आली. चार वर्षं दोन महिन्यांची. तिची आई सान्ना वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे, बाप ओस्सी जंगलात झाडतोडीचं मोठं यंत्र चालवतो. ओस्सी तीन आठवड्यांचा होता तेव्हापासून मी त्याला ओळखते. स्वतःच्या चार वर्षांच्या तपासणीत तो माझ्याशी चकार शब्द बोलला नव्हता. त्यामुळे त्याने भरलेला कागद पाहून मी चष्मा पुसून पुन्हा घातला. चौकट भरून मजकूर मागच्या बाजूला गेला होता.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मी म्हटलं याला, मावशींना एवढा वेळ नसतो," सान्ना म्हणाली. "दोन आठवडे पेन्सिल घेऊन पोरीच्या मागे फिरतोय. गुप्तहेर झालाय नुसता."

मी पुढची बाजू वाचली. ब्लूबेरीचं सार वाडग्यात ओतताना बऱ्याचदा बाजूला सांडते. पुस्तक बघताना मान वाकडी करते. बॉल झेलायला जाते तर हात आधीच मिटते. मागची बाजू नंतर निवांत वाचायची ठरवली, बाहेर जुळी बाळं ओरडत होती.

हे वाचल्यामुळेच नजर मुद्दाम काळजीने तपासली. आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. दोन्ही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. साइमी पाय हलवत, चालीवर म्हणत होती, "सफरचंद, घर, गोल, घर, चौकोन!" माझं बोट पोचायच्या आत पुढची ओळ तयार. इतकी चुणचुणीत मुलगी या वर्षात पाहिली नाही.

"सौनाबाहेर कपडे बदलतो ना आम्ही, तिथे लावलाय तक्ता," सान्ना म्हणाली. "ओला होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून. शनिवारी वाफेत बसून आम्ही दोघी गाणंच म्हणतो त्याचं. झोपेतसुद्धा म्हणेल ती."

"सगळे आईबाप तुमच्यासारखे असते तर मी आधीच निवृत्त झाले असते," मी म्हटलं. सान्ना लाजून लाल झाली.

ओस्सीने विचारलं, "मग सार का सांडतं?"

"चार वर्षांची पोरं सांडतातच. तू माझ्या काट्यावर काय काय सांडलंयस ते सांगू का सान्नाला?"

सान्ना हसली. ओस्सी नाही हसला. टोपी हातात धरून तो तक्त्याकडे बघत उभा होता, मग माझ्या बोटाकडे बघितलं, मग पुन्हा तक्त्याकडे. मी लिहिलं : दोन्ही डोळे उत्तम, काळजीचं कारण नाही. एकदा लिहायची सवय लागली की हे बाप कशाचीही काळजी करत बसणार, ही या योजनेची दुसरी बाजू.

११ फेब्रुवारी, रविवार

आज उपवासाआधीचा सणाचा रविवार, टेकडीवर घसरगाड्यांची गर्दी. आम्ही दोघं घरीच, मलईचे बन खात. माझ्या नवऱ्याला, वेइक्कोला, सत्तर पूर्ण झाली, गाडीचा परवाना टिकवायला डॉक्टरकडे नजर तपासून आला. एका ओळीत अडकला म्हणे, नवा चष्मा करायला सांगितलाय.

मी त्याला माझ्या तक्त्याची गोष्ट सांगितली. तो बोटावरची मलई चाटत म्हणाला, "मार्यू, डॉक्टरांनी मलाही तक्ता आधी घरी पाठवला असता ना, तर मी डोळे मिटून पास झालो असतो."

याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

१४ मार्च, गुरुवार

जिल्ह्याची बैठक. विर्पीने मला बोलायला उभं केलं. आकडे चांगले होते. दर वसंतात चार वर्षांच्या तीस-चाळीस मुलांमागे तिघा-चौघांना तरी मी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवते. यंदाच्या वसंतातली सगळी अडतीस मुलं झाली, एकालाही पाठवावं लागलं नाही. घरच्या सरावामुळे भीती गेली, आणि भीतीमुळे होणाऱ्या चुकाही गेल्या, असं मी मांडलं. टाळ्या झाल्या. दोन गावांनी तक्त्याची प्रत मागितली आणि मी पत्ते लिहून घेतले.

परतताना गाडीत आनिका म्हणाली, "मार्युक्काताई, एकही नाही? एकसुद्धा?"

"का, कमी वाटतात?"

"नाही... म्हणजे, डोळे तर तेच असतात ना, दर वर्षी."

मी रेडिओ लावला. सव्वीस वर्षांची पोरगी मला डोळे शिकवणार!

२२ मार्च, शुक्रवार

पाठ दुखते. बाकी विशेष नाही.

९ एप्रिल, मंगळवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

दहाच्या सुमारास ओस्सी आला. वेळ ठरवलेली नव्हती. बर्फ उतरून जंगलातले रस्ते चिखल झालेत, यंत्रं बंद आहेत, म्हणून दिवसा मोकळा. सोबत साइमी, गुडघ्यापर्यंत बूट चिखलाने भरलेले, आणि काखेत एक बर्चची फळी. फळीवर काळ्या रंगात चित्रं काढलेली. तीच चार चित्रं, पण क्रम वेगळा. पहिली ओळ : गोल, गोल, चौकोन, सफरचंद, घर. रेषा इतक्या नीट की मी विचारलं कशाने काढल्या. तो म्हणाला, "पट्टी होती."

मग म्हणाला, "मावशी, एकदा बघता का?"

त्याने माझा तक्ता उतरवला, फळी लावली आणि भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. मी साइमीचा डावा डोळा झाकला. तिने फळी बरोबर वाचली. हळू, पण बरोबर. मग उजवा झाकला.

"सफरचंद, घर, गोल, घर, चौकोन!" पाय हलवत, त्याच चालीवर.

मी म्हटलं, "साइमी, नीट बघ हं." तिने पुन्हा तेच म्हटलं. मी खुर्ची उचलून फळीपासून दोन पावलांवर आणली. पुन्हा तेच. मग तिला काहीतरी कळलं असावं, कारण पाय थांबले आणि ती अगदी हळू म्हणाली, "मावशी, चुकलं का?"

"नाही गं. तुझं काही चुकलं नाही."

मी खाली बसले.

"मला त्याच दिवशी वाटलं होतं," ओस्सी म्हणाला. "तुमचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं, ती चौथी म्हणत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, काळजीचं कारण नाही. मला वाटलं, तुम्हाला जास्त कळतं. घरी गेल्यावर चैन पडेना. मग काम सुरू झालं. आता यंत्र थांबलं तेव्हा फळी केली."

मी फायलीतून त्याचा कागद काढला आणि पहिल्यांदा मागची बाजू वाचली. शेवटचं वाक्य असं आहे : "समुद्री चाचे बनून खेळताना उजव्या डोळ्यावर पट्टी बांधली की रडते, डाव्यावर बांधली तर तासभर खेळते."

कुठल्याही नर्सला एवढं एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या कपाटात सव्वादोन महिने पडून होतं. मी "पाहिले" असा शिक्का मारला होता.

नेत्रतज्ज्ञांना फोन करून पंधरा दिवसांनंतरची वेळ मिळवली. ओस्सीची माफी मागितली. त्याने मान हलवली, फळी काखेत मारली, आणि दारातून परत येऊन ती माझ्या टेबलावर ठेवली. "लागेल तुम्हाला," म्हणाला.

घरी येऊन वेइक्कोला सांगितलं. त्याने विनोद केला नाही. कॉफी केली.

१० एप्रिल, बुधवार

अडतीस मुलं. तक्ता अडतीस घरांत मी पाठवला आणि मीच म्हटलं, रोज पाच मिनिटं.

विर्पीने पत्राचा मसुदा केला : "तांत्रिक कारणांमुळे फेरतपासणी." मी म्हटलं, यात तंत्र कुठलं? तक्ता चांगला होता, मुलं चांगली होती, आईबापांनी सांगितलं ते केलं.

"निवृत्तीला अडीच महिने राहिलेत, मार्युक्का. कशाला ओढवून घेतेस?" तिला खरंच माझी काळजी वाटत होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

पत्र मीच लिहिलं. "भिंतीवरचा तक्ता मी तुमच्या घरी पाठवला. मुलांनी तो पाठ केला असावा. त्यामुळे नजरेच्या त्या तपासणीवर विश्वास ठेवता येत नाही. चूक माझी आहे. घरचा तक्ता काढून टाका आणि मुलाला पुन्हा घेऊन या. तोवर मुलात काय दिसतं ते लिहून ठेवा. कागदाची मागची बाजूही वापरा, मी वाचेन." खाली पूर्ण नाव घातलं. बैठकीतल्या त्या दोन गावांना फोन केला, हे पत्र लिहिण्यापेक्षा अवघड गेलं. एका ठिकाणी तक्ता अजून वाटला नव्हता. दुसऱ्या ठिकाणी अकरा घरांत गेला होता.

आनिकाला म्हटलं, "तू गाडीत विचारलंस तेव्हा मी रेडिओ लावला."

"वाईट गाणं होतं," ती म्हणाली आणि अडतीसपैकी निम्मी पाकिटं आपल्याकडे ओढली.

१९ एप्रिल, शुक्रवार

आठवडाभर फेरतपासणी. कपाटातले दोन तक्ते आणि ओस्सीची फळी आलटून पालटून. बोट नाचवत, मधलंच विचारत, जुन्या पद्धतीने. एक आई दारातच कडाडली, "आम्ही रोज घोकून घेतलं, तुम्हीच सांगितलंत म्हणून! आता म्हणता विसरा?" मी म्हटलं, हो, मीच सांगितलं. मग ती कोट काढून बसली.

आणि कागद! कागद भरून येताहेत. "टीव्हीच्या अगदी जवळ बसतो." "आजोबा म्हणतात, फोटोत एक डोळा आत वळलेला दिसतो." एकीने मागच्या बाजूला बाण काढून लिहिलंय : "इथेही आहे हं."

२४ एप्रिल, बुधवार

दुपारी सान्नाचा फोन. साइमीचा डावा डोळा फार अधू आहे, नंबर मोठा. मेंदूने त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून दिलंय, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. आधी चष्मा, मग रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. चार वर्षं म्हणजे अजून वेळ आहे. शाळेत गेल्यावर कळलं असतं तर फारसं हाती लागलं नसतं.

"आता किती सुधारेल?" मी विचारलं.

"ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले." मग सान्ना रडायला लागली. "मावशी, मीच शिकवलं तिला. वाफेत बसून. मला वाटायचं, किती छान म्हणते."

"मी सांगितलं म्हणून शिकवलंस."

"पण मी आई आहे ना."

फोन ठेवल्यावर मी थोडी रडले. आनिकाने पुढचं बाळ स्वतःच घेतलं.

३ मे, शुक्रवार

फेरतपासणी संपली. अडतीसपैकी चार, साइमी धरून. दर वर्षी असतात तेवढेच. त्या दुसऱ्या गावात अकरांत एक.

२८ मे, मंगळवार

ओस्सीने कागद आणून टपालपेटीत टाकला. न मागता. चौकट मोठी हवी असं वर लिहिलंय.

"चष्मा घालते. पट्टी पहिल्या दिवशी काढून फेकली. दुसऱ्या दिवशी कुत्र्याला लावली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुम्हीपण लावा. आता रोज दुपारच्या खाण्यानंतर सान्ना आणि मी दोघंही दोन तास पट्टी लावतो. सार तिघांचंही सांडतं."

मी कागद आनिकाला वाचून दाखवला, मग विर्पीला. विर्पी म्हणाली, "भागीदारी," पण या वेळी तिने ते हळू म्हटलं. मागची बाजू पाहिली. कोरी होती. तरी पाहिली.

२० जून, गुरुवार

उद्यापासून मध्यउन्हाळ्याच्या सणाची सुट्टी, सगळं गाव तळ्याकाठच्या घरांकडे निघालंय. पुढच्या आठवड्यात माझे शेवटचे तीन दिवस, त्यात मुलं नाहीत, नुसती कपाटं रिकामी करायची आहेत. म्हणजे साइमी माझी शेवटची.

लाल काड्यांचा चष्मा, उजव्या डोळ्यावर पट्टी, पट्टीवर तिने स्वतः काढलेला मासा. मी कपाटातल्या दोनपैकी एक तक्ता लावला, तिने कधी न पाहिलेला. या वेळी पाय हलत नव्हते. ती पुढे झुकून बसली आणि एकेका चित्राकडे बघत राहिली.

"गोल," ती म्हणाली. थांबली. "चौकोन." पहिली ओळ पूर्ण झाली. दुसरीला बराच वेळ लागला, पण तीही झाली. तिसऱ्या ओळीत अडकली. "सफरचंद? नाही, थांब मावशी. घर आहे. पुढचं नाही दिसत." मग ओशाळून म्हणाली, "मला हा पाठ नाहीये."

"बरं झालं, राणी," मी म्हटलं.

तिसऱ्या ओळीत पाचपैकी तीन. एप्रिलमध्ये या डोळ्याला दोन पावलांवरचं मोठं चित्रही ओळखता येत नव्हतं. अजून पुष्कळ बाकी आहे, आणि पूर्ण बरा होईल असं कुणी म्हटलेलं नाही. पुढचं आनिका बघेल.

आकडा लिहायच्या आधी मी पेन खाली ठेवलं आणि ओस्सीला विचारलं, "तुला काय दिसलं?"

तो टोपी फिरवत राहिला. सान्ना बोलायला लागली तशी मी हळूच तिच्या हातावर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा दोनदा सरकला. बाहेर कुणाचं तरी बाळ रडू लागलं आणि मी उठले नाही.

"काल सार सांडलं नाही," ओस्सी म्हणाला.

मी ते सगळ्यात वर लिहिलं.